सामनेवाला क्रमांक तीन

ज्या धंद्याचा जन्मच खोटं बोलण्यासाठी झाला, त्या धंद्यात उभं आयुष्य काढून खऱ्याच्या पायी तो धंदा बुडवून घेणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमच्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. राहणार पिंपरी पेंढार, धंदा जाहिरातीचा. जाहिरातीचा म्हणजे पुण्या-मुंबईला काचेच्या खोलीत बसून करतात तसला नव्हे. एक म्हातारी जीप, तिच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि हातात रुमाल गुंडाळलेला माईक, एवढ्यावर त्यांचा कारभार. आज बेल्ह्याचा बाजार, उद्या नारायणगावचा, परवा ओतूरचा. दुकानदार माल सांगायचे, साडू तो भोंग्यावरून गावोगाव पोचवायचे. आवाज मात्र देवानं हात राखून न ठेवता दिलेला. बेल्ह्याच्या बाजारात त्यांनी माईक फुंकला की बैल कान टवकारायचे आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करणारे दलाल मधेच भाव विसरायचे. सुरुवात ठरलेली असायची, "थांबा राव, जरा थांबा! घाई आसंल तर जावा, पर मागनं म्हनू नका, सांगितलं न्हाई!" आणि खोटं कशाला सांगू, घाईतली माणसंसुद्धा थांबायची.

थांबायची त्याला कारण होतं. आमच्या साडूंचा असा नेम होता की जो माल आपण वापरला नाही त्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुणी दुकानदार नवा साबण, नवी पेंड, नवी पावडर घेऊन आला की साडू तो माल आधी घरी न्यायचे, महिना-दीड महिना स्वतः वापरायचे आणि मगच माईक हातात घ्यायचे. दुकानदार काकुळतीला यायचे. "अहो, तुम्ही नुसतं बोला की! वापरणारे वापरतील." त्यावर साडूंचं उत्तर एकच, "बोलनारा आन् वापरनारा येगळा झाला की इस्कोट व्हतो." बरं, वापरून झाल्यावर तरी गप गोड बोलावं? नाव नको. मालातली जी खोट सापडेल ती गुणांच्या मांडीला मांडी लावून सांगायची, हा त्यांचा दुसरा नेम. एका साबणाची जाहिरात मी माझ्या कानांनी ऐकली आहे. "माय-बहिनींनो, ह्या साबनानं डाग निघतो म्हंजी निघतो. हाताची साल बी निघती जराशी. त्याला गोडंतेल लावा आन् साबन वापरा." साबणवाला जीपशेजारीच उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

केस उगवायच्या तेलाचं प्रकरण तर आमच्या सासरवाडीत, महाळुंगे पडवळला, अजून लग्नाकार्यात निघतं. तेल खरं की खोटं हे कळायचं कसं? साडूंनी डोक्याच्या मधोमध भांग पाडला आणि दोन महिने फक्त डाव्या बाजूला तेल लावलं. उजवी बाजू कोरडी ठेवली, तुलनेसाठी. त्यातच धाकट्या मेव्हण्याचं लग्न आलं. प्रत्येक फोटोत साडूंचं अर्धं डोकं चमकतंय आणि अर्धं धुळीनं भरलंय. सासूबाईंनी हात जोडले, "जावईबापू, आजच्या दिस तरी दुसरीकडं बी लावा वो!" तर हे म्हणाले, "आत्याबाई, आठ दिस राह्यल्यात. आता मोडलं तर समद्यावर पानी पडंल." दोन महिन्यांनी भोंग्यावरून निकाल जाहीर झाला, "ह्या तेलानं केस येत न्हाईत. जात बी न्हाईत. वास मातर झ्याक हाय." तेलवाल्यानं कपाळाला हात लावला, आणि आठवड्यात त्याच्या सगळ्या बाटल्या संपल्या! लोकांचा हिशेब सरळ होता. हा माणूस वास चांगला म्हणतोय म्हणजे वास चांगलाच असणार. आमच्याकडं तेवढ्यासाठी तेल घेणारी माणसं कमी नाहीत.

चपलांच्या दोन दुकानांचं काम एकदम आलं तेव्हा साडूंनी उजव्या पायात एकाची आणि डाव्या पायात दुसऱ्याची चप्पल घालून अख्खा उन्हाळा काढला. त्या वर्षी ओतूरच्या यात्रेत आमच्या सगळ्यांच्या चपला गेल्या, त्यांची जोडी तेवढी जागेवर. गाईच्या पेंडीचं पोतं आलं की ते आधी स्वतः चिमूटभर चाखायचे. "जनावराला तोंड हाय, पर बोलता येत न्हाई. मंग त्येच्या वतीनं कुनी सांगायचं?" एका शिकवणीवाल्या सरांनी 'शंभर टक्के निकाल' असं सांगायला बोलावलं तर साडू दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले आणि बाजारात सांगितलं, "ज्येंना पास व्हायचंच व्हतं ती पोरं हितं समदी पास झाली." निवडणुकीचं काम मात्र त्यांनी कधीच घेतलं नाही. एकदा एका उमेदवाराचा माणूस जीपच्या बॉनेटवर थाप मारून विचारायला लागला, की बाबा, का नाही? साडू म्हणाले, "भाऊ, तुमचा माल वापरून बघायला पाच वर्सं लागत्यात. आन् तवर तुमी परत घेत न्हाई."

या सगळ्यात हाल व्हायचे ते आमच्या मेव्हणीचे. तिला सगळे आक्का म्हणतो. घरात सहा प्रकारच्या दातांच्या पावडरी, चार प्रकारचा चहा, आणि एकही वस्तू धड संपलेली नाही. दुसरी आली की पहिलीची परीक्षा बंद. आक्का म्हणायची, "पावणं, मला बी ह्यांनी तपासायलाच आणली आसंल. लग्नाला इतकी वर्सं झाली, आजून माझ्याबद्दल एक चांगला शबूद भोंग्यावनं आला न्हाई." साडू शांतपणे म्हणायचे, "तपासनी चालू हाय."

आता माझंही सांगून टाकतो, म्हणजे तुलना नीट होईल. मी पंचायत समितीत क्लार्क होतो, घोडेगावला ऑफिस आणि मंचरला घर. 'आपले प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा लिहिलं की झोपेतही हात हलायचा. त्यातलं एकही प्रकरण कुणी विचारात घेतल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण पत्राखाली सही साहेबांची, त्यामुळं माझ्या जिवाला कधी घोर लागला नाही. साडूंना हे मी एकदा गमतीनं सांगितलं तर ते म्हणाले, "पर आक्षर तर तुमचंच ना, पावणं?" मला राग आला होता. अजूनही थोडा येतो.

तर नव्वद सालानंतरची गोष्ट. बाजारात नवनवे माल यायला लागले होते. नारायणगावच्या एका भांडीवाल्यानं एका नव्याच कंपनीचा कुकर आणला आणि साडूंना गाठलं. साडूंनी रिवाजाप्रमाणे एक कुकर घरी नेला. दोन महिने आक्कानं त्यात भात केला, डाळ केली, मटण केलं, हुलगे शिजवले. साडू शिट्ट्या मोजत चुलीपुढं बसून राहायचे. झाकण घासलं, आपटलं, रबर ओढून पाहिलं, आणि काय सांगू, खोट सापडेना! साडू बेचैन झाले. आठ दिवस आणखी घेतले. तरी नाही. शेवटी बेल्ह्याच्या बाजारात त्यांनी जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं, "लोकहो, ह्या कुकरात मला खोट सापडली न्हाई!"

झालं. जो माणूस आपल्या बायकोचीसुद्धा निव्वळ स्तुती करत नाही त्यानं कुकराची केली म्हटल्यावर लोकांनी दुकानात रांग लावली. भांडीवाल्याचा टेम्पो रिकामा, दुसरा आला, तोही रिकामा. सासरवाडीत घरटी एक कुकर झाला. आमच्याकडं तर साडू स्वतः घेऊन आले. माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातात दिला आणि म्हणाले, "सुमन, ह्यो घे. म्या बघितलाय." एवढं प्रशस्तिपत्र आमच्या घराला पुरेसं होतं.

पाचव्या की सहाव्या महिन्यात एका सकाळी सुमन वाटाणे शिजवत होती. शिट्टीच्या भोकात वाटाण्याचं साल अडकलं. असं कुठल्याही कुकरात अडकू शकतं, आणि त्यासाठीच झाकणावर एक छोटी बुची असते. आत वाफ कोंडली, ताप वाढला, की ती वितळते आणि वाफेला वाट करून देते. आमच्या कुकराची बुची वितळली नाही. झाकण उडून पत्र्याला लागलं आणि उकळतं पाणी सुमनच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, तिची किंकाळी तिच्या आईच्या किंकाळीपेक्षा मोठी होती, एवढंच आठवतं.

साडू मंचरच्या दवाखान्यात आले ते जीप तशीच चालू ठेवून. सुमनचा बांधलेला हात पाहिला. थेट आमच्या घरी गेले, स्वयंपाकघरातून ते झाकण उचललं आणि बुची काढून चाकूनं खरवडली. मग आपल्या घरच्या कुकराची काढून आणली. त्यांच्या घरची मऊ धातूची, नखानंसुद्धा ओरखडा उठेल अशी. आमची साधी लोखंडी, वर नुसता मुलामा. तपासायला दिलेला कुकर खरा होता, टेम्पोतून आलेले सगळे लोखंडी बुचीचे. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, पण शीत एका पातेल्यातलं आणि भात दुसऱ्या पातेल्यातला असला तर काय करायचं, हे कुठल्या शहाण्यानं सांगून ठेवलेलं नाही. साडू दोन्ही बुच्या तळहातावर घेऊन ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "म्या येकच तपासला, पावणं. टेम्पोभर तपासायला पायजे व्हते." मी म्हणालो, अहो, असं कोण करतं? ते म्हणाले, "मंग बोलायचं न्हवतं."

दुसऱ्या दिवसापासून जीप निघाली. ज्या ज्या बाजारात, ज्या ज्या झाडाखाली त्यांनी कुकराचं कौतुक केलं होतं त्याच जागी उभे राहून ते सांगायला लागले, "थांबा राव! म्या सांगितलं व्हतं खोट न्हाई. खोट हाय. माझ्या मेव्हनीचा हात भाजला. चूक माझी हाय. आज सांजच्याला कुकर लावू नका, झाकन घिऊन माझ्याकडं या." लोक आले की! बेल्ह्याच्या बाजारात एका बाजूला बैलांचे दात तपासणं चाललंय आणि दुसऱ्या बाजूला आमचे साडू जीपच्या बॉनेटवर चाकूनं बुच्या खरवडतायत, असा देखावा काही आठवडे चालला. गंमत अशी की भांडीवाल्याकडं भांडायला फारसं कुणी गेलंच नाही. सगळी बोलणी साडूंना. "भाऊ, दुकानदार कोन कुठला, आमी वळखत न्हाई. आवाज तुझा व्हता. आता तूच ठिव ह्यो कुकर!" असं म्हणून बाया कुकर जीपमध्ये टाकून जायच्या. साडू मान खाली घालून प्रत्येक कुकर घ्यायचे. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या अंगणात कुकरांचा ढीग झाला. पुण्याहून चांगल्या बुच्या आणून त्यांनी एकेक कुकर नीट केला, ज्याचा त्याला घरपोच नेऊन दिला आणि घेणाऱ्याच्या चुलीवर शिट्टी होईपर्यंत उंबऱ्यातून हलले नाहीत.

इकडं मी सुमनच्या नावानं ग्राहक मंचात तक्रार करायचं ठरवलं. सामनेवाला क्रमांक एक कुकराची कंपनी, क्रमांक दोन भांडीवाला. मंचरच्या वकिलांकडं अर्ज लिहायला बसलो तर साडू हजर. "माझं नाव घाला." वकील म्हणाले, "तुम्ही साक्षीदार व्हा ना." "साक्षीदार बघनारा आस्तो. म्या बोल्लोय." वकिलांनी समजावलं, मी समजावलं, सुमननं भाजलेला हात जोडून सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी साडू म्हणाले, "नाव घालनार नसाल तर म्या सोताच अर्ज देतो, माझ्यावर." कायद्यात तशी सोय नसल्यामुळं वकिलांनी सुस्कारा टाकून लिहिलं, सामनेवाला क्रमांक तीन. रजिस्टरनं नोटीस आली तेव्हा साडूंनी पोस्टमनला चहा पाजला. सासूबाईंनी मात्र आकांत मांडला, "एका जावयानं दुसऱ्या जावयावर केस केली! आता मी महाळुंग्यात तोंड कुठं दावू?" त्यांना समजावता समजावता माझी दोन वेळची सुट्टी गेली.

आणि त्याच सुमारास साडूंनी ते दुसरं खूळ डोक्यात घेतलं. आमच्याकडं आले, सुमननं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर हे हात मागं घेऊन म्हणाले, "सुमन, तुझ्या घरचं पानी बी मला चालायचं न्हाई. आधी माझा निकाल लागू दे." सुमन म्हणाली, "दाजी, मी कवाच माफ केलंय." "तू माफ करनार ह्ये मला ठावं व्हतं. म्हनून तर तुझ्याकडनं घेत न्हाई." सुमन त्या दिवशी रडली. भाजल्यावर जेवढी रडली नसेल तेवढी.

पुण्याला तारखांना आम्ही तिघं एकाच एस.टी.तून जायचो. तक्रारदार, तक्रारदाराचा नवरा आणि सामनेवाला क्रमांक तीन. डबे दोन असायचे, आमचा वेगळा आणि आक्कानं बांधून दिलेला त्यांचा वेगळा. कंपनीच्या पत्त्यावरची नोटीस 'पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली. भांडीवाल्यानं म्हणणं दिलं की माल कंपनीचा, मी फक्त विकला. त्याचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, "बाजारातल्या भोंग्यावर थोडीफार अतिशयोक्ती असायचीच. ती कुणी शब्दशः घेत नसतं. शहाणं गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांनी माल पाहून घेतं." त्यावर साडू न विचारताच उठले. "साहेब, भोंग्यावरचं कुनी खरं मानत न्हाई म्हनत्यात. मंग ह्यांनी मला मजुरी कशापायी दिली? आमचा येळ जावा म्हनून?" समोरच्या बाई सदस्या हसल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून साडूंना विचारलं की विक्रीत तुमचा काही हिस्सा होता का. "न्हाई. दिसाची मजुरी आन् डिझेल." "मग जबाबदारी तुमची कशी?" साडू म्हणाले, "साहेब, लोकं कुकर बघून न्हाई आली. माझं ऐकून आली." हे सगळं लिहून घेतलं गेलं की नाही, मला माहीत नाही.

निकाल लागला. भांडीवाल्यानं औषधपाण्याचा खर्च द्यावा आणि तक्रारदारास कुकर बदलून द्यावा. सामनेवाला क्रमांक तीन हा विक्रेता नसल्यानं त्यास वगळण्यात येत आहे. भांडीवाल्यानं आदेशाचं तंतोतंत पालन केलं, म्हणजे त्याच कंपनीचा नवा कुकर आणून दिला. न्यायाची एवढी काटेकोर अंमलबजावणी मी सरकारी नोकरीतसुद्धा पाहिलेली नाही. साडू मात्र मंचाच्या पायरीवर बसून राहिले. "वगळलं मला," एवढंच म्हणत होते. येताना एस.टी.त खटला जिंकलेली सुमन सुटलेल्या आरोपीची समजूत काढत होती. मी म्हणालो, "निकाल लागला ना साडू? आता चला घरी, जेवू." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ह्यो निकाल न्हवं, पावणं. ही सुटका झाली."

त्यानंतर जीप उभी राहिली ती राहिलीच. एकाही दुकानदारानं काम दिलं नाही. आज कुकराचं उघडं पाडलं, उद्या आपलं पाडेल, हे त्यांना कळत होतं, त्यांना दोष देता येत नाही. पण एखाद्यानं दिलं असतं तरी साडूंनी घेतलं नसतं. माईक त्यांनी पेटीत ठेवला आणि कांदा करायला लागले. बाजारात आता मुंबईहून भरून आलेल्या कॅसेटी वाजत होत्या. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, एकावर एक फुकट. त्या आवाजाला नाव नव्हतं, गाव नव्हतं, त्यामुळं कुणी काही परत करायला जायचा प्रश्नच नव्हता. आणि लोकांचा स्वभाव बघा! फ्रीज घ्यायचा, मोटरसायकल घ्यायची, पुढं पुढं मोबाइल घ्यायचा, की लोक पिंपरी पेंढारची वाट धरून साडूंना विचारायला यायचे. चूक कबूल केल्यापासून त्यांच्यावरचा भरवसा उलट वाढला होता. आणि तालुक्यात ज्याच्या शब्दाला सगळ्यात जास्त किंमत, तो माणूस कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "म्हायती न्हाई." असा आवाज, आणि त्याचं हे झालं. मला फार वाईट वाटायचं. मी ते त्यांना कधी बोललो नाही.

आमच्याकडं येत राहिले. कांद्याची पिशवी आणायचे, तास तास गप्पा मारायचे, पण पाण्याची बाटली घरून. दिवाळीच्या फराळालाही हात लावायचे नाहीत. नऊ वर्षं! सुमन दर खेपेला ताट वाढायची आणि दर खेपेला उचलून ठेवायची. आम्ही त्यावरून चिडलो, हसलो, शेवटी गप बसलो. साडूंची खोड म्हणून सांगायला ही गोष्ट मजेशीर आहे. घरात रोज बघायला नव्हती.

मग मुलीला स्थळ आलं. जुन्नरकडचं घराणं, मुलगा चाकणला कारखान्यात. बायोडाटा आला, त्यावर फोटो आणि खाली, निर्व्यसनी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. मध्यस्थ म्हणाले, हिरा आहे. भावकी म्हणाली, हिरा आहे. सुमननं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "ही जाहिरात झाली. मला दाजींना विचारायचंय."

आम्ही पिंपरी पेंढारला गेलो. साडूंनी नेहमीचं म्हटलं, "म्हायती न्हाई." सुमन उठून त्यांच्यासमोर खाली बसली. "दाजी, तुमी हो म्हनाला तर देईन पोर. न्हाय तर न्हाय." साडू म्हणाले, "सुमन, माझ्या शबदावर तू येकदा भाजलीयास." सुमन म्हणाली, "भाजली ती बुचीनं. तुमच्या शबदानं मला काय झालं न्हाई. माझी एकुलती एक पोर हाय, दाजी. तिच्या बाबतीत मी दुसऱ्या कुनावर इस्वास ठिवू?" आक्का दारात उभी राहून डोळे पुसत होती. साडूंनी जमिनीवर बोटानं दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "दीड म्हयना द्या."

पुढचे दीड महिने त्या मुलाचे कसे गेले असतील ते त्याचं त्याला माहीत. या खेपेला साडूंनी शितावर भागवलं नाही, पातेलंच उपसलं. त्याचा न्हावी, त्याचा जुना मास्तर, खोलीवरचे सोबती, खानावळवाली, गावातला किराणावाला, सगळ्यांकडं जाऊन आले. मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून चाकण ते जुन्नर आले. एक रात्र त्याच्या घरी मुक्काम केला. आणि एका रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मुलगी दाराआड उभी होती, तिला म्हणाले, "म्होरं ये. तुझंच काम हाय." आणि सुरू झाले. आवाज बारीक होता, पण सुरुवात तीच, थांबायला लावणारी. "पोरगं घोरतं. लई घोरतं. गाडी वळनावर बी जोरात मारतं. आईला उलट बोलतं, पर मागनं जाऊन हंडे भरून देतं. खोलीवरच्या सोबत्याला टायफाइड झाला तवा आठ दिस कामावर गेलं न्हाई, त्याच्याजवळ बसलं. पगार किती त्ये जरा वाढवून सांगितलंय, पर त्याच्या बापानं, त्यानं न्हाई. त्याला म्या इचारलं तर खरा आकडा बोल्ला." मुलीनं हळूच विचारलं, "म्हणजे खोट नाही ना, काका?"

"आसं म्या म्हननार न्हाई," साडू म्हणाले. "घावल्या तेवढ्या सांगितल्या. न घावलेल्या आसतीलच. त्यांचा जामीन म्या. कदी काय झालं तर कुकरावानी माझ्या दारात यायचं, भांडायचं, समजलं? म्या हाय." मुलगी म्हणाली, "घोरणं चालेल," आणि आत पळाली.

सुमन उठली. नऊ वर्षं वाढत आली होती तसंच ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं. भाकरी, आमटी, कांद्याची पात, भात. वाढताना तिची बाही मागं सरली आणि हातावरचा डाग दिसला. साडूंनी तो नीट पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नजर न चुकवता पाहिला. मग त्यांनी आपली बाटली बाजूला सारली, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि जेवायला सुरुवात केली. अर्धी भाकरी संपल्यावर ते म्हणाले, "सुमन, आमटी जरा पातळ झालीया."

सुमन "बरं" म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी उठून साडूंना आणखी वाटीभर आमटी वाढली. तीही त्यांनी संपवली.